जकात नाकावाले, उतरून घ्या

आमच्या गावात शिरताना एसटीचा कंडक्टर अजूनही ओरडतो, "जकात नाकावाले, उतरून घ्या." तिथे नाका नाही. 1999 साली तो उठला. स्टॉपचं नाव बदलावं असं कुणाला वाटलं नाही, आणि बदललं असतं तरी लोकांनी ते वापरलं नसतं. गेल्या दिवाळीत शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोराने मला विचारलं, "काका, जकात म्हणजे रमजानमध्ये देतात तीच ना?" म्हटलं, शब्द तोच, पण ही वेगळी. मी सांगायला सुरुवात करतोय तोवर त्याचं उतरायचं ठिकाण आलं.

माझं निम्मं लहानपण त्या नाक्यावर गेलं. जकात म्हणजे गावात येणाऱ्या मालावर नगरपालिका घ्यायची तो कर. अण्णा, म्हणजे माझे वडील, नगरपालिकेत जकात कारकून होते. पत्र्याची एक खोली, आत टेबल, बाकडं, पाण्याचा माठ आणि भिंतीवर दरपत्रकाचा तक्ता. बाहेर रस्त्यावर आडवा बांबू. त्याच्या एका टोकाला तारेने बांधलेला दगड, दुसऱ्या टोकाला सुंभाची दोरी, आणि दोरी शिपायाच्या हातात. रात्रपाळी असली की मी डबा घेऊन जायचो आणि बाकड्यावरच झोपायचो. ट्रक थांबला की ड्रायव्हर बिल्टी, म्हणजे मालाचा कागद, घेऊन खिडकीशी यायचा. अण्णा माल, वजन, किंमत बघायचे, संशय आला तर टॉर्च आणि टोकदार सळई घेऊन स्वतः ट्रकवर चढायचे. वर गुळाच्या ढेपा आणि खाली साबणाची खोकी, हा त्या काळातला नेहमीचा खेळ. सळई ढेपांच्या फटीतून खाली गेली आणि पुठ्ठ्याचा आवाज आला की अण्णा काही बोलायचे नाहीत, नुसतं ड्रायव्हरकडे बघायचे. मग पावती. खाली कार्बन घालून पावत्या लिहायच्या, त्यामुळे त्यांची उजवी करंगळी कायम निळी. आई म्हणायची, ह्यांच्या करंगळीने भाजीत मीठ घातलं तरी जकात लागेल.

सकाळी पत्र्याच्या पेटीतली रोकड नगरपालिकेत जायची. घरात पहिला प्रश्न, "काल किती झाली?" कापसाचा हंगाम बरा आहे की नाही, लग्नसराईत कापड किती उतरलं, कुणाचं बांधकाम निघालंय, हे बाजाराआधी आमच्या चुलीपाशी कळायचं. गावाने काल किती कमावलं हे गावाला आज माहीत असायचं. एखाद्या आळीतली मोरी फुटली तर नगरपालिकेच्या सभेत उत्तर मिळायचं, "या महिन्यात जकात बरी आहे, करून घेऊ." किंवा, "थांबा, पुढच्या महिन्यात बघू." नकार असला तरी तो गावातल्या गावात दिलेला असायचा.

आता हे सगळं वाचून कुणाला त्या नाक्याबद्दल गहिवर येत असेल तर तो आवरावा. नाका म्हणजे रांगा. नाका म्हणजे वाया जाणारं डिझेल, नासणारा भाजीपाला आणि बिल्टीच्या घडीत ठेवलेली नोट. अण्णांनी ती घडी कधी उलगडली नाही असं मी समजतो. पण त्यांच्या जोडीच्या पाळीतल्या माणसाने दहा वर्षांत दोन घरं बांधली, हे गावाला माहीत होतं. जकात गेली तेव्हा बाजारपेठेत फटाके वाजले, आणि ते वाजवणाऱ्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. शेवटच्या रात्री अण्णाच पाळीवर होते. शेवटची पावती त्यांनी प्लॅस्टिकच्या घागरींच्या एका टेम्पोची फाडली, एकोणीस रुपयांची. मग शिपायाने दोरी सोडली, दगडाच्या वजनाने बांबू वर गेला तो वरच राहिला.

जकातीच्या जागी नगरपालिकांच्या वाट्याला आलं राज्य सरकारचं सहायक अनुदान. महापालिकांची जकात आणखी काही वर्षं टिकली. 2010 पासून एकेका शहरात तिच्याऐवजी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, 2013 मध्ये त्यावरून व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, 2015 च्या ऑगस्टपासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटीबरोबर उरलंसुरलं सगळं संपलं, मुंबईची जकातसुद्धा. मुंबईला तिच्यातून वर्षाला सात हजार कोटींच्या घरात पैसे मिळत होते. महापालिकांसाठी भरपाईचा कायदा झाला, वर्षाला आठ टक्के वाढ धरून दरमहा हप्ता ठरला. मुंबईचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होतं, तिची काळजी करायला माणसं आहेत. मला बोलायचंय ते क वर्ग, म्हणजे लहान गावांच्या, नगरपरिषदांबद्दल, जिथे अख्ख्या गावाचा हिशेब एक लेखापाल, दोन कारकून आणि एक रुसलेला प्रिंटर मिळून बघतात.

अनुदानाने लगेच काही बिघडलं नाही. पहिली काही वर्षं तर बरंच वाटलं. कुणाशी भांडण नाही, ट्रकवर चढणं नाही, पैसे आपोआप येतात. पण अनुदान पगारासाठी येतं आणि पगारातच जातं. ते उशिरा आलं की पगार उशिरा, पेन्शन त्याहून उशिरा. अण्णांची पेन्शन कधी दहा तारखेला येते, कधी पंचवीसला. एकदा अनुदानातून थकलेलं वीजबिल परस्पर वळतं झालं, तेव्हा पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत अण्णा रोज बँकेत जाऊन पासबुक भरून आणत होते. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना तेवढंच फिरणं होतं, हा त्यातला फायदा.

मला जास्त खटकतो तो गावाच्या बोलण्यातला बदल. आता मोरी फुटली तर उत्तर येतं, "प्रस्ताव वर पाठवलाय." वर म्हणजे नेमकं कुठे, ते सांगणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. जिल्हाधिकारी कार्यालय, नगरविकास, मंत्रालय, सगळं मिळून एक "वर." नगरसेवक आता काम करतो असं म्हणत नाही, पाठपुरावा करतो असं म्हणतो. फलकावर लिहिलेलं असतं, अमुक साहेबांच्या अथक पाठपुराव्यामुळे इतका निधी मंजूर. कमावत्या माणसाच्या तोंडी हा शब्द येत नाही. पाठपुरावा मागणाऱ्याला करावा लागतो.

1992 च्या घटनादुरुस्तीने शहरांच्या संस्थांसाठी अठरा विषयांची यादी घटनेत घातली. पाणी, रस्ते, सफाई, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, दिवाबत्ती, अगदी स्मशानभूमीपर्यंत. म्हणजे बाजाराची यादी हातात दिली, पैसे द्यायचे राहिले. मी बँकेत नोकरी केली, म्हणून रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये महापालिकांच्या आर्थिक स्थितीवर काढलेला अहवाल कुतूहलाने वाचला. देशातल्या महापालिकांची जमा आणि खर्च दहा वर्षांहून जास्त काळ देशाच्या सकल उत्पादनाच्या एका टक्क्याभोवतीच घुटमळतोय, असं त्यात आहे. ब्राझीलमध्ये हाच आकडा सातच्या वर. आणि यात धरलेल्या महापालिका म्हणजे घरातली थोरली, शिकलेली भावंडं. आमच्यासारख्या नगरपरिषदा मागच्या खोलीत.

जकात गेली तेव्हा अण्णांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. नाक्यावरच्या माणसांना घरपट्टी वसुलीला लावलं. त्या दोन वर्षांत अण्णा जितके खचले तितके तीस वर्षांच्या रात्रपाळ्यांनी खचले नव्हते. नाक्यावर ट्रक त्यांच्यासाठी थांबायचा. इथे त्यांना लोकांच्या दारात थांबावं लागायचं. ज्या किराणा दुकानदाराने वर्षभरात जकातीचे हजारो रुपये मुकाट भरले (आणि ते गिऱ्हाइकाच्या साखरेत-तेलात घालून वसूल केले), तोच घराच्या सातशे रुपयांसाठी म्हणायचा, "अण्णा, पुढच्या आठवड्यात या की." जकात आपण भरतोय हे गावातल्या कुणाला कळतच नव्हतं. घरपट्टीचं बिल मात्र नावानिशी दारात येतं, आणि ते बघितलं की प्रत्येकाला आपल्या गल्लीतला बंद दिवा आठवतो. "आधी दिवा लावा, मग बिल आणा." दिवा लावायला बिल भरावं लागतं, हे अण्णांनी किती दारांत सांगितलं असेल! मार्चअखेरीला थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची टूम निघाली तेव्हा ते निवृत्त झाले होते. आपल्याला हलगीवाल्याच्या मागे उभं राहावं लागलं नाही, हे ते अजून समाधानाने सांगतात.

नाक्याच्या जागेवर आता स्वागत कमान आहे. सिमेंटची, वर स्टीलची अक्षरं, दोन खांबांना ग्रॅनाइट. वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या निधीतून ती झाली. वैशिष्ट्यपूर्ण कामं असं खरोखरच त्या निधीचं नाव आहे, मी विनोद करत नाही. कमानीला रंगीत दिवे आहेत. पहिल्या वर्षी ते लागले. मग वीजबिल थकलं, मग काही दिवे फुटले, आता कबुतरं आहेत. यात कुणी एकाने खाल्लं वगैरे म्हणणं सोपं आहे, आणि थोडं खाल्लंही असेल. पण मी लेखापालांशी बसून बोललो तेव्हा दुखणं वेगळंच निघालं. योजनेचा पैसा योजनेच्याच डोक्यावर फोडायचा असतो. कमान मंजूर झाली तर कमानच बांधायची, त्यातून बल्ब आणता येत नाही. टाकी बांधायला पैसा येतो, टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटारीच्या बिलाला येत नाही. उद्यान मिळतं, माळी मिळत नाही. शिवाय बहुतेक योजनांत नगरपालिकेने स्वतःचा हिस्सा घालायचा असतो. तो हिस्सा घालताना उरलीसुरली घरपट्टीही जाते. "साहेब, आम्हाला योजना मिळाली की भीतीच वाटते," असं ते म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

कमान बघितली की मला महात्मा फुले आठवतात. फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, 1876 पासून पुढची काही वर्षं. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते, त्यांच्या स्वागताच्या सजावटीला हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांत विरोध करणारे फुले एकटे. हे पैसे गरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे मंडईच्या मोठ्या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. ती इमारत 1886 मध्ये रे मार्केट म्हणून उघडली, आणि आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुले मंडई असं नाव मिळालं. ज्या खर्चाला माणसाने विरोध केला त्यालाच त्याचं नाव द्यायचं, हे फक्त पुण्यालाच सुचू शकतं. पण मला त्यातला हजार रुपयांचा वाद मोलाचा वाटतो. पैसे पुण्याचे होते, म्हणून ते कशावर खर्चावेत यावर पुण्यात भांडता आलं. आमच्या कमानीवर सभेत कुणीच भांडलं नाही. भांडून ते पैसे शाळेकडे वळणार नव्हते, परत गेले असते.

मध्ये चार वर्षं तर सभाच नव्हती. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती 2021 अखेर आणि त्यानंतर संपत गेल्या, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला, आणि मुख्याधिकारी हेच प्रशासक झाले. ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. याची किंमत कशी मोजावी लागली ते बघा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 26 या काळासाठी देशातल्या शहरी संस्थांना 1 लाख 21 हजार कोटींची शिफारस केली. त्यात दहा लाखांच्या आतल्या शहरांच्या वाट्यातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेले, चाळीस टक्के मोकळे. पण निवडून आलेली मंडळी नसतील तर हा निधी नाही. हिशेब वेळेवर संकेतस्थळावर टाकायचे, मालमत्ता कराचा किमान दर ठरवायचा, वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या वेगाने वाढवायची, अशा इतर अटी होत्याच, आणि त्या मला वाजवीही वाटतात. पण निवडणूक घेणं काही गावाच्या हातात नव्हतं. निवडणूक दुसऱ्याने लांबवली, अनुदान गावाचं थांबलं. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, 2 डिसेंबरला मतदान झालं, 21 तारखेला मोजणी. आमच्या नव्या नगराध्यक्षांनी पदभार घेतला त्या दिवशी हार चांगले मोठे होते. त्यानंतर लेखापालांनी त्यांना देण्यांची यादी दाखवली, असं ऐकतो.

भाची बर्मिंगहॅमला असते. 2023 च्या सप्टेंबरात तिने फोनवर सांगितलं, "मामा, आमची महानगरपालिका बुडाली." अकरा लाखांच्या वर लोकसंख्येचं शहर, त्याच्या कौन्सिलने कलम 114 ची नोटीस काढली होती. 2010 नंतर तिकडच्या सरकारने कौन्सिलांचं अनुदान वर्षानुवर्षं कापत नेलं होतं. त्यात बर्मिंगहॅमवर बायकांना समान पगार न दिल्याचे दावे आले, आणि नव्या संगणकप्रणालीचा खर्च हाताबाहेर गेला. सरकारने वरून आयुक्त बसवले. पुढच्या वर्षी घरांवरचा कर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला, त्याच्या पुढच्या वर्षी साडेसात. मी हे अण्णांना सांगितलं.

"मग कुलूप लावलं का?"

"कुलूप नाही लावत. अत्यावश्यक सोडून नवीन खर्च बंद."

"बुडालं हे कोण ठरवतं?"

"त्यांचा मुख्य लेखाधिकारी. पैसे पुरत नसतील तर कायद्याने त्याला तसं लिहून द्यावंच लागतं."

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्या लेखापालाने असं लिहून दिलं तर दुसऱ्या दिवशी त्याची बदली होईल. आणि लिहायचं कशाला? ठेकेदाराला सांगायचं, पुढच्या महिन्यात बघू." खरं आहे. आमच्याकडे नगरपालिका बुडाल्याची तारीख नसते. पाणी एक दिवसाआड होतं, मग तीन दिवसांआड, मग आठवड्याने. मधल्या कुठल्या दिवशी ती बुडाली हे कुणालाच सांगता येत नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत घराची घरपट्टी भरायला मी नगरपालिकेत गेलो. एरवी अण्णाच शेजारच्या पोराला पाठवतात. खिडकीतून बिल मिळालं, 1,386 रुपये. त्यात वृक्ष कर, आणि शिक्षण कर, जो गोळा करते नगरपालिका आणि जातो राज्याला. पाणीपट्टीचं बिल वेगळं. पैसे मोजता मोजता मी वर्णनाचा रकाना वाचला. "खोल्या तीन, दगड-माती, पत्रा."

आमचं घर दोन मजली आहे. 2004 साली मीच कर्ज काढून खाली स्लॅब टाकली आणि वर दोन खोल्या चढवल्या. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हावी असा नियम आहे. आमच्याकडे ती मधल्या काळात दोनदा झाली आणि दोन्ही वेळा मोजणारी माणसं घरी आली होती. खाली बसली, चहा प्यायली. अण्णा खात्यातले. टेप काढायची त्यांना लाज वाटली असणार. वीस वर्षांहून जास्त काळ मी पुण्यात बसून गावच्या दिव्यांबद्दल तावातावाने बोलत होतो, आणि माझा अख्खा वरचा मजला नगरपालिकेच्या कागदावर नव्हता.

घरी येऊन अण्णांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. निळी करंगळी आता पांढरी पडलीय, पण बोलताना अजून तीच हलते. "वर गूळ, खाली साबण," ते म्हणाले. "सळई घेऊन चढणारा कुणी आलाच नाही रे."

दुसऱ्या दिवशी मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. सदर मिळकतीत वाढीव बांधकाम असून त्याची आकारणी करण्यात यावी. खिडकीतल्या मुलीने तो दोनदा वाचला. पंचवीस-सव्वीसची असेल, ठेक्यावरची. "काका, तक्रार आहे का कुणाची?"

"नाही."

"मग स्वतःहून कशाला? पुढच्या फेरआकारणीत येईल की आपोआप." तिने आत जाऊन कुणाला तरी विचारलं, परत आली. "मोजणी करणारं पद रिकामं आहे. पाणीपुरवठ्याचे साहेब बघतात ते पण. अर्ज ठेवून जा."

तिने आवकचा शिक्का मारला, क्रमांक घातला आणि पोच दिली. ती पोच अण्णांनी पेन्शनच्या पासबुकात ठेवलीय. एप्रिल संपत आला. मोजायला अजून कुणी आलेलं नाही.